विश्लेषण : आईची मांडी ही मोटारीतील सुरक्षित जागा का नाही?

प्रसूतिगृहातून घरी निघालेले बाळ दुपट्यात गुंडाळून आई किंवा आजी मांडीवर घेते आणि मोटार सुरू होते. तेच मूल पुढे गणपतीला गावी जाताना दोन आसनांच्या मध्ये उभे राहते, आणखी मोठे झाले की सनरूफमधून डोके बाहेर काढते. मोटारींतील एअरबॅगची संख्या वाढत चालली असली, तरी लहान मुलांचे वेगळे आसन, म्हणजे चाइल्ड सीट, अजूनही फार थोड्या गाड्यांत दिसते.

घट्ट धरून ठेवले तरी?

ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला जवळपास १४ मीटर अंतर कापते. ती समोरच्या ट्रकवर आदळली तर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. आतले मूल मात्र त्याच वेगाने पुढे जात राहते. त्याला अडवायचे तर त्याच्या वजनाच्या सरासरी १४ पट जोर लागतो. म्हणजे १० किलोचे बाळ त्या क्षणी १४० किलोचे होते आणि धडकेच्या ऐन क्षणी हा भार त्याहूनही जास्त असतो. इथे माया किंवा ताकद कमी पडण्याचा प्रश्नच नाही. एवढे वजन कोणाच्याच हातांना पेलत नाही. आईने आपला सीटबेल्ट बाळासह लावला तर आणखी वाईट, कारण आईच्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो आणि ते पट्ट्यात चिरडले जाते.

पुढच्या आसनावर का बसवू नये?

डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे झालेल्या अपघातात पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅगच्या आघाताने मृत्यू झाला. एअरबॅग पापणी लवण्याच्या आत फुगते. तिची रचना सीटबेल्ट लावलेल्या प्रौढाची छाती समोर धरून केलेली असते. मुलाच्या बाबतीत त्याच जागी त्याचे डोके आणि मान येते. त्यामुळे मुलांची जागा मागेच. मागे तोंड केलेली चाइल्ड सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

बाळाचे तोंड मागे कशासाठी?

बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान मात्र कोवळी. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी अडते, पण डोके झटक्याने पुढे फेकले जाते. तोंड मागे असेल तर तोच आघात पाठ, मान आणि डोके यांवर विभागून आसनाच्या पाठीत जिरतो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६०च्या दशकात अशा आसनाचा पहिला नमुना तयार केला. उड्डाणाचा जोर पाठीवर घेत झोपलेल्या अंतराळवीरांवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. युरोपच्या ‘आय-साइज’ नियमानुसार किमान १५ महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड मागे असणे बंधनकारक आहे; आसनाची मर्यादा असेल तोवर त्यानंतरही तसेच ठेवावे, असे तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेच्या अंदाजानुसार, नीट वापरलेल्या चाइल्ड सीटमुळे मोटारीतील तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर त्याहून मोठ्या लहान मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १९४-ब नुसार, १४ वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. यातील ‘किंवा’ हीच पळवाट ठरते. कोणत्या वयापर्यंत वा उंचीपर्यंत चाइल्ड सीट हवी, हे या कलमात नाही. ब्रिटनमध्ये १२ वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर, जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर अशी स्पष्ट रेषा आहे. उंचीला महत्त्व आहे, कारण बुटक्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला तर तो कमरेच्या हाडाऐवजी पोटावर आणि खांद्याऐवजी गळ्यावर येतो. धडकेत त्या पट्ट्यानेच इजा होऊ शकते. आसनावर उंची वाढवणारी बूस्टर सीट ठेवली की पट्टा योग्य जागी बसतो.

दंडाची पावती प्रत्यक्षात फाटते ती बहुधा चालकाच्या सीटबेल्टसाठी. मागच्या आसनाकडे पोलिसांचे आणि प्रवाशांचे लक्ष गेले ते सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर.

‘पाच तारे’ असलेली गाडी पुरेशी नाही?

ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात. जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की हे गुण दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बांधून मिळवलेले असतात. मांडीवरच्या मुलासाठी त्या ताऱ्यांना काहीच अर्थ नाही.

बसवताना काय पाहावे?

आयसोफिक्सच्या कड्या गाडीत असतील तर काम सोपे. नसतील तर सीटबेल्टने आवळून बसवता येणारे आसन घ्यावे. बसवल्यावर पट्ट्याजवळ धरून हलवले असता ते इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येत असेल तर तो सैल आहे. जाड स्वेटर किंवा दुपटे पट्ट्याच्या आत नको, वरून पांघरावे. आतेभावाची जुनी सीट मिळत असेल तर ती अपघातात सापडलेली नाही ना आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

सुरुवातीचे काही दिवस मूल रडते, हा बहुतेक घरांतला खरा अडसर. आजी-आजोबांना ते पाहवत नाही आणि घाटात मधेच पट्टे सोडून मूल पुन्हा मांडीवर येते. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलाला बाहेर घ्यावे, शांत करावे आणि निघण्याआधी पुन्हा बांधावे.