यंत्र बोलू लागते तेव्हा

बँकेचे ए.टी.एम. तुम्ही पाहिलेच असेल. कार्ड घालायचे, पडद्यावरील सूचना वाचायच्या, गुप्तांक दाबायचा की नोटा बाहेर! पण ज्यांना पडदाच दिसत नाही त्यांनी काय करायचे? कोणाला तरी सोबत न्यायचे आणि आपला गुप्तांक त्याला सांगायचा? मग तो गुप्त राहिला कुठे?

नोटा देणारे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेने बसविले. भारतात असे यंत्र १९८७ साली मुंबईत आले. ही यंत्रे डोळस ग्राहक डोळ्यांसमोर ठेवूनच बनविलेली होती. अंध व्यक्तीला ती एकट्याने वापरता यावीत म्हणून त्यांत कोणते बदल करावे लागले, ते पाहू.

पहिला बदल अंकांच्या कळांचा. ५ या कळेवर एक बारीक उंचवटा असतो. ५ ही कळ १ ते ९ या अंकांच्या बरोबर मध्ये येते. ती सापडली की तिच्याभोवतीच्या आठही कळा कोठे आहेत हे बोटांना कळते. हिरव्या, लाल व पिवळ्या कळांचा रंग अंधाला उपयोगाचा नाही. म्हणून 'स्वीकार'च्या कळेवर उठावाचे वर्तुळ आणि 'रद्द'च्या कळेवर उठावाची फुली असते.

काही ठिकाणी ब्रेल लिपीही असते. सहा टिंबांची ही लिपी लुई ब्रेल या अंध फ्रेंच मुलाने विद्यार्थिदशेतच, १८२४ च्या सुमारास तयार केली. परंतु येथे एक अडचण आहे. कळेवरची टिंबे कायम तीच राहतात, पडद्यावरचा मजकूर मात्र क्षणोक्षणी बदलतो. 'रक्कम सांगा', 'शिल्लक अपुरी आहे', 'कार्ड काढून घ्या' हे ब्रेलच्या पट्टीवर कसे लिहिणार? शिवाय सर्वच अंधांना ब्रेल येते असेही नाही. तेव्हा यंत्राने बोललेच पाहिजे.

पण यंत्र मोठ्याने बोलले, तर खात्यातील शिल्लक रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल! यावर उपाय म्हणजे इअरफोन. यंत्राच्या दर्शनी भागावर इअरफोनसाठी एक भोक असते. त्यात पिन शिरली की आतील विद्युत्-जोडणी बदलते, यंत्राला ग्राहकाची गरज समजते आणि ते कानात बोलू लागते. मागच्याने डोकावू नये म्हणून पुष्कळ यंत्रांत पडदा कोरा करण्याचीही सोय असते. गुप्तांक दाबताना यंत्र अंक उच्चारीत नाही; कळ लागली एवढे सांगणारा 'टिक' आवाज पुरतो.

असे बोलके यंत्र १९९७ साली कॅनडातील ओटावा येथे रॉयल बँक ऑफ कॅनडाने बसविले. भारतात युनियन बँकेने जून २०१२ मध्ये अहमदाबादला ते सुरू केले. रिझर्व्ह बँकेने २००९ साली सांगितले होते, की नव्या यंत्रांपैकी निदान एक तृतीयांश यंत्रे बोलकी व ब्रेल कळांची असावीत. १ जुलै २०१४ पासून बसविल्या जाणाऱ्या सर्वच नव्या यंत्रांना हा नियम लागू झाला.

हाती आलेली नोट कितीची, हेही समजायला हवे. त्यासाठी नव्या १०० च्या नोटेवर त्रिकोणाची आणि ५०० च्या नोटेवर वर्तुळाची उठावदार खूण आहे. कडांवरही उठावाच्या तिरक्या रेघा आहेत : १०० ला चार, ५०० ला पाच.

प्रश्न मात्र संपलेला नाही. दुकानांत कार्ड घेणाऱ्या काही नव्या यंत्रांवर कळाच नसतात. असते ती गुळगुळीत काच. तिच्यावर ना उंचवटा, ना टिंब. तेथे आवाजाची सोय नसेल, तर अंध ग्राहकाला पुन्हा आपला गुप्तांक दुसऱ्याला सांगावा लागतो. यंत्र नवे झाले आणि माणूस जुन्याच जागी आला! ही सोय यंत्र तयार झाल्यावर चिकटवायची नसते. आराखड्यातच तिला जागा ठेवावी लागते.

करून पाहा : डोळे मिटून कॅल्क्युलेटरवर ५ चा उंचवटा शोधा व मनात धरलेले चार अंक दाबा. डोळे उघडून ताळा पाहा. आता हेच मोबाइलच्या काचेवर करा. किती अंक चुकले? कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९ असतात, ए.टी.एम.वर बहुधा १-२-३. ही मांडणी प्रत्येक यंत्रात वेगळी असती तर काय झाले असते, याचा वर्गात विचार करा.