वेगळे ताट कशासाठी?

काही महिन्यांपूर्वी एक वृद्ध दांपत्य माझ्या बल्लारपूरच्या दवाखान्यात आले. नोकरीसाठी मुंबईला गेलेला नातू घरी परतला होता. तो शिरेतून नशेचे इंजेक्शन घेत असे. रक्ततपासणीत ‘हिपॅटायटिस सी’ निघाला होता. आजी हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, त्याचं ताट-पेला वेगळा केला, अंथरूण पडवीत टाकलं. अजून काय करायचं जी?”

मी म्हणालो, “आधी ताट पुन्हा एकत्र करा.”

व्यसन म्हटले की आपल्या जिल्ह्यात दारू आणि खर्रा एवढेच डोळ्यांसमोर येते. २०१५ ते २०२१ या काळात येथे दारूबंदी होती, तेव्हाही चर्चा दारूचीच झाली. सुईचे व्यसन आपल्याला मुंबईचे किंवा मणिपूरचे दुखणे वाटते. परंतु आपली मुले कामासाठी मुंबई, पुणे, हैदराबादला जातात आणि तिथली दुखणी घेऊन घरी येतात. तेव्हा त्यांच्याजवळ असतात ते बहुधा आपल्यासारखे आजी-आजोबाच.

विषाणू कसा पसरतो?

हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू रक्तातून पसरतात. एकच सुई दोघांनी वापरली की पहिल्याच्या रक्ताचा सूक्ष्म अंश दुसऱ्याच्या शिरेत जातो. सुई वेगळी असली, तरी पदार्थ विरघळवण्याचे पाणी, चमचा किंवा कापूस सामायिक असल्यास धोका उरतोच. हिपॅटायटिस सी चा विषाणू तर सिरिंजमधील रक्तात काही आठवडेही तग धरू शकतो.

एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकच शौचालय वापरल्याने हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही पसरत नाही. दाढीचे पाते, नेलकटर आणि टूथब्रश मात्र प्रत्येकाचे वेगळे असावे. हिपॅटायटिस बी साठी प्रतिबंधक लस आहे. घरात त्याचा रुग्ण असल्यास इतरांनी तपासणी करून ती घ्यावी.

बरा होणारा आजार

हिपॅटायटिस सी वर्षानुवर्षे मुका राहतो. कावीळ दिसतेच असे नाही. कित्येकदा यकृताचा सिरॉसिस झाल्यावरच तो उघडकीस येतो. मात्र आज त्यावर गोळ्या आहेत. बहुतेक रुग्णांना १२ आठवड्यांचा उपचार पुरतो आणि शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आल्यास विषाणू प्रत्यक्ष रक्तात आहे का, हे पाहणारी दुसरी चाचणी आवश्यक असते. “आधी व्यसन सोड, मग उपचार,” असे म्हणू नका. दोन्ही एकाच वेळी सुरू करता येतात. बरे झाल्यावरही दूषित सुईने पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून व्यसनाचा उपचार महत्त्वाचा.

मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ ही संस्था नव्वदच्या दशकापासून अशा व्यसनींमध्ये काम करीत आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमात अशा व्यक्तींना निर्जंतुक सुया दिल्या जातात, तसेच जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या दिल्या जातात. सुया दिल्याने व्यसन वाढत नाही. लागण थांबते आणि माणूस उपचारांच्या जवळ येतो.

घरात घ्यावयाची काळजी

• वापरलेल्या सुईला टोपण पुन्हा लावू नका. ती जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. आपल्या इन्सुलिनच्या सुयांनाही हाच नियम लागू आहे.
• इन्सुलिनचे पेन कोणाशीही वाटून घेऊ नका; सुई बदलली तरीही नाही.
• रक्त सांडल्यास हातमोजे घालून कापडाने टिपा. नंतर एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे द्रावण दहा मिनिटे ठेवून पुसा.
• सुई टोचल्यास जखम पिळू नका, बोट तोंडात घालू नका. साबण-पाण्याने धुऊन त्वरित सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितक्या लवकर तितके चांगले.
• व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ हे मोफत दूरध्वनी क्रमांक आहेत.

आपलीही तपासणी

त्या आजोबांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या तरुणपणी काचेची एकच सिरिंज कशीबशी उकळून रांगेतल्या साऱ्यांना टोचली जात असे. आम्हा डॉक्टरांचाही त्यात दोष होता. २००१ पूर्वी रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी ची तपासणी सक्तीची नव्हती. ज्यांनी त्या काळी रक्त घेतले किंवा अशी इंजेक्शने घेतली, त्यांनी एकदा तपासून घ्यावे. आजोबांनी तपासून घेतले. अहवाल निर्दोष आला. पण दोष निघाला असता, तर त्यांचे ताट कोणी वेगळे केले असते का?

नातवाचा १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण झाला असून त्यानंतरच्या चाचणीत विषाणू आढळला नाही. व्यसनाशी झुंज अजून चालू आहे; मध्ये एकदा तो घसरलाही. तरी तो दर आठवड्याला येतो, आणि आजी सोबत असतात. आपल्या घरी अशी वेळ आली, तर पोराला पडवीत नव्हे, दवाखान्यात घेऊन या.