टेलिफोन खाते आजारी, झळ कामगाराच्या घरी

खांबावर चढणारा लाइनमन आणि एक्स्चेंजमधला ऑपरेटर ही एकेकाळी मालवण, कुडाळ, कणकवलीत मानाची माणसे. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या आणि दूरसंचार खात्याचे राखीव दार आपल्या मुलांनाही उघडले. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याची कंपनी झाली, भारत संचार निगम. पुढे खाजगी मोबाईलची स्वस्ताई आली, फोर-जी वेळेवर मिळाले नाही, तोटा वाढला. फेब्रुवारी २०१९ चा पगार लांबला. घराचा हप्ता, मुलांची फी, गावच्या आईचे औषध, सारे त्या एका पगारावर!

ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पन्नाशी गाठलेले सुमारे ७८ हजार कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी घरी गेले. त्यांना निदान रक्कम व पेन्शन होती. पण खड्डे खणणाऱ्या, केबल ओढणाऱ्या ठेका कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले, त्यांच्या हाती काय? शिवाय ठेकेदाराच्या भरतीला आरक्षण नाही. कायम जागा गेली की आपला हक्कही गेला.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगाराने हक्क ओळखावा हीच त्यांची शिकवण. म्हणून माता-भगिनींनो, घरच्या कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, ते दरमहा तपासा. ठेकेदाराने पगार बुडविल्यास कायद्याने मूळ कंपनीवर जबाबदारी येते. तोंडी विनवण्या नकोत, युनियनमार्फत लेखी अर्ज करा आणि पोच जपून ठेवा.

जयभीम!