गाव गेलं, आठवणी राहिल्या

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? गवताने शाकारलेली टुमदार घरं, दारात गुलाबाचे ताटवे, चर्चचा मनोरा आणि हिरव्या माळावर चरणाऱ्या मेंढ्या. सिनेमांनी आणि कॅलेंडरांनी आपल्याला हेच चित्र दाखवलं आहे. पण त्यातल्या कित्येक घरांत १९५० च्या सुमारास डोकावला असतात, तर थक्क झाला असतात. घरात नळ नाही, वीज नाही आणि संडास परसाच्या टोकाला. पाणी विहिरीवरून किंवा गावातल्या हातपंपावरून बादलीने आणायचं, रात्री रॉकेलचा दिवा लावायचा. सगळं थेट आपल्या आजीच्या गावासारखं!

हे आपल्याला कळलं कसं? राजाराणीच्या इतिहासात या गोष्टी नसतात. त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितल्या आणि कुणीतरी त्या वेळेवर लिहून घेतल्या. यात ‘वेळेवर’ हा शब्द फार मोलाचा आहे. तो का, हे समजून घ्यायचं तर ब्रिटनमधल्या काही खेड्यांत चक्कर मारायला हवी.

शनिवारची आंघोळ, सोमवारचं धुणं

ब्रिटनच्या खेड्यांत वाढलेल्या वयस्कर मंडळींच्या आठवणींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. त्यातली एक म्हणजे शनिवार रात्रीची आंघोळ. भिंतीला टांगलेला पत्र्याचा टब काढून शेकोटीसमोर ठेवायचा, चुलीवर तापवलेलं पाणी त्यात ओतायचं आणि घरातल्या सगळ्यांनी एकामागून एक त्याच पाण्यात आंघोळ करायची. शेवटी ज्याचा नंबर लागेल त्याचं नशीब! सोमवार हा धुण्याचा दिवस. सकाळपासून मोठ्या भांड्यात कपडे उकळत असायचे आणि जेवणाला रविवारचं उरलंसुरलं असायचं.

शाळेच्या सुट्ट्याही शेताच्या हिशेबाने असायच्या. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला लोक ‘बटाट्याची सुट्टी’ म्हणायचे, कारण तेव्हा मुलं बटाटे वेचायला जायची. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात बिअरमध्ये घालायच्या हॉप्सची तोडणी निघाली की लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बायका मुलाबाळांसह तिथे मुक्कामाला यायच्या. मजुरी थोडी, राहायला झोपड्या, पण अनेक कुटुंबांसाठी वर्षातली मोकळ्या हवेतली सुट्टी तेवढीच.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. शहरांवर बॉम्ब पडतील या भीतीने पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोकांना सुरक्षित भागांत हलवण्यात आलं. त्यात बहुतांश शाळकरी मुलं होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा डबा आणि सोबत आईवडील नाहीत. त्यातल्या कित्येकांनी गाय पहिल्यांदा तिथे पाहिली. कुणाला माया मिळाली, कुणाला कष्ट उपसावे लागले. युद्ध संपलं तरी रेशन चालूच राहिलं, ते १९५४ पर्यंत. म्हणूनच त्या पिढीच्या आठवणींत साखरेला आणि लोण्याला एवढी जागा आहे!

शेजाऱ्यांचं ऐकणारा लेखक

१९४८ मध्ये जॉर्ज युअर्ट एव्हन्स नावाचा वेल्समधला एक लेखक सफोक परगण्यातल्या ब्लॅक्सहॉल या छोट्या गावात राहायला आला. त्याची बायको गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. एव्हन्स घर सांभाळायचा आणि लिहायचा. त्याला ऐकू कमी यायचं, पण ऐकण्याची हौस दांडगी! शेजारच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारता मारता त्याच्या लक्षात आलं की आपल्यासमोर खजिना उघडा पडला आहे.

ही माणसं १८८० च्या आसपास जन्मलेली. मेंढपाळ, नांगरे, शेतमजूर. घोड्यांच्या आणि हाताच्या बळावर चालणारी, शेकडो वर्षं फारशी न बदललेली शेती त्यांनी स्वतः केली होती. आता गावात ट्रॅक्टर आले होते. ही माणसं गेली की ते सगळं ज्ञान त्यांच्याबरोबर मातीत जाणार होतं. एव्हन्सने ऐकलेलं टिपून घेतलं आणि १९५६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. ब्रिटनमध्ये मौखिक इतिहास गोळा करण्याच्या कामात आज त्याचं नाव आदराने घेतलं जातं.

अशा आठवणींत काय मिळतं, याचं एक उदाहरण पाहा. आपल्याकडे पीक कापून झाल्यावर शेतात पडलेली कणसं गोरगरीब वेचतात, त्याला सरवा म्हणतात. सफोकच्या बायकाही मुलांना घेऊन सरवा वेचायच्या. मात्र त्याचे नियम ठरलेले होते. शेतात एक पेंढी उभी असेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. ती उचलली की शेत मोकळं. अनेक गावांत चर्चची घंटा झाल्यावरच वेचणी सुरू व्हायची, म्हणजे ज्यांची मुलं तान्ही आहेत त्या बायकाही मागे पडायच्या नाहीत. वेचलेलं धान्य दळून आणलं की मोठ्या कुटुंबाची भाकरीची बरीचशी सोय व्हायची. हा न्याय कुठल्या कायद्याच्या पुस्तकातून आला नव्हता, तो गावाने स्वतःच बसवला होता.

महिन्याभरात गाव रिकामं

माणसं गेली तरी गाव तरी जागेवर राहील, असं आपल्याला वाटतं. पण तेही नेहमी खरं नसतं.

डॉर्सेटच्या समुद्रकिनाऱ्याजवळ टाइनहॅम नावाचं एक गाव होतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये तिथल्या लोकांना सरकारी पत्रं मिळाली. सैन्याला सरावासाठी जागा हवी होती आणि ख्रिसमसच्या आत गाव रिकामं करायचं होतं. टाइनहॅम आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधले सव्वादोनशेच्या आसपास लोक महिन्याभरात बाहेर पडले. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली होती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांची घरं युद्ध जिंकण्यासाठी दिली आहेत, त्यांना जपा, आम्ही एक दिवस परत येऊ, असा तिचा आशय होता.

ते परत आले नाहीत. युद्ध संपलं, पण १९४८ मध्ये सरकारने ती जमीन कायमची ताब्यात घेतली. आज बहुतेक शनिवार-रविवारी लोकांना ते गाव पाहता येतं. घरांच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. शाळेची खोली मात्र जुन्यासारखी मांडली आहे, कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं आहेत.

विल्टशरमधल्या इम्बर गावाची कहाणीही तीच. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगण्यात आलं की ४७ दिवसांत गाव सोडा. तेही कायमचंच गेलं. तिथलं जुनं चर्च अजून उभं आहे आणि वर्षातले मोजके दिवस उघडतं. उन्हाळ्यात एक दिवस तर लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बस या ओसाड गावाला फेऱ्या मारतात आणि पाहायला गर्दी लोटते.

पाण्याखाली गेलेली शाळा

वेल्समधल्या ट्रिवेरिन नदीच्या खोऱ्यात कपेल केलिन हे छोटंसं गाव होतं. सगळं गाव वेल्श भाषा बोलणारं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, म्हणून या खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलला गेले आणि त्यांनी तिथल्या रस्त्यांवरून मोर्चा काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या संसदेने धरणाला मंजुरी दिली. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नव्हतं.

१९६५ मध्ये शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर, दफनभूमी, घरं आणि शेतं पाण्याखाली गेली. ४८ जणांनी आपलं घर गमावलं. आकडा लहान वाटतो ना? पण एका भाषेत जगणारं आख्खं गाव नकाशावरून पुसलं गेलं. त्याच दशकात रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर कुणीतरी वेल्श भाषेत रंगवलं, ‘ट्रिवेरिन विसरू नका’. ती भिंत आजही उभी आहे. तिच्यावरची अक्षरं कितीदा तरी पुसली गेली आणि लोकांनी ती पुन्हा रंगवली. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली. ४० वर्षांनी का होईना, पण मागितली, कारण लोकांनी ते विसरू दिलं नव्हतं.

बायकांनी चिकटवलेला इतिहास

सगळ्याच गावांवर असं संकट आलं नाही. बाकीची खेडी हळूहळू बदलली. १९६३ मध्ये एका सरकारी अहवालाने २,३६३ रेल्वे स्टेशनं आणि थांबे बंद करण्याची शिफारस केली. त्यातली बरीचशी पुढे बंदही झाली. मग कुठे दुकान गेलं, कुठे शाळा गेली.

हे बदल टिपले कुणी? गावातल्या बायकांनी! ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही ग्रामीण स्त्रियांची संस्था ब्रिटनमध्ये १९१५ साली वेल्समधल्या एका खेड्यात सुरू झाली. १९६५ मध्ये तिला ५० वर्षं झाली, तेव्हा गावोगावच्या सदस्यांनी आपापल्या गावाची चिकटवही बनवली. फोटो, हाताने काढलेली चित्रं, वर्तमानपत्राची कात्रणं, कापडाचे तुकडे, असं सगळं त्यात आलं. ज्या रोजच्या गोष्टींना कुणी इतिहास म्हटलं नसतं, त्यांचाच आज अभ्यास होतो. त्यातल्या अनेक वह्या आता सरकारी अभिलेखागारांत जपून ठेवल्या आहेत.

मोबाइलवाल्यांसाठी एक धडा

आता तुम्ही म्हणाल, आमचे हजारो फोटो मोबाइलमध्ये सुरक्षित आहेत! मग ही गोष्ट वाचाच.

इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकमाने गावोगावच्या जमिनीची, जनावरांची, गिरण्यांची नोंद झाली होती. ‘डोम्सडे बुक’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवा प्रकल्प हाती घेतला. देशभरातल्या शाळकरी मुलांनी आपल्या भागाची माहिती लिहिली, फोटो पाठवले. १० लाखांहून अधिक लोकांनी हातभार लावला. हे सगळं तेव्हाच्या अत्याधुनिक लेझर डिस्कवर साठवलं गेलं.

झालं काय, तर त्या डिस्क चालवायला खास आणि महागडं यंत्र लागायचं. लिहिणाऱ्या अनेक शाळांनाच ते परवडलं नाही. १५-१६ वर्षांत अशी चालू यंत्रं दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना माहिती वाचवण्यासाठी धडपड करावी लागली. सुदैवाने ती वाचली. मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलं १०८६ चं पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येतं!

तुम्ही काय करू शकता

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला किंवा पुण्यात, अनेक मराठी घरांत गाव आता फक्त आडनावापुरतं उरलं आहे. ते कसं होतं, हे सांगणारी माणसं अजून घरात असतील तर एवढं करा:

● छोटे प्रश्न विचारा. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असं विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पाणी कुठून आणायचात? पहिला दिवा घरात कधी लागला? शाळेत डब्यात काय असायचं?’ असं विचारा.

● मध्ये बोलू नका. एकातून दुसरी आठवण निघते, ती निघू द्या.

● बोलणं मोबाइलवर जरूर रेकॉर्ड करा, पण महत्त्वाचं वहीत लिहून ठेवा. रेकॉर्डिंगची प्रत दुसरीकडेही ठेवा.

● जुन्या फोटोंमागे पेन्सिलीने नावं, गाव आणि साल लिहा. नाव सांगणारं माणूस गेलं की फोटोतला चेहरा अनोळखी होतो.

● हे काम मुलांवर सोपवा. आईला जे सांगायचं राहून गेलं, ते आजी नातवाला खुशाल सांगते.

● गावचे शब्द तसेच लिहा, शुद्ध करू नका. अवजारांची, भांड्यांची, भाकरीच्या प्रकारांची नावं त्या शब्दांतच जिवंत असतात.

ब्लॅक्सहॉलचे ते मेंढपाळ आणि नांगरे काही थोर पुरुष नव्हते. शेजारी राहायला आलेल्या एका माणसाने त्यांना विचारलं आणि मन लावून ऐकलं, म्हणून त्यांचं गाव आज आपल्यालाही भेटतं. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना कुणी विचारलंय का? नसेल, तर या रविवारी चहा झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि पहिला प्रश्न विचारून टाका.