मीटर नको, पत्रा बघा

बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, पक्कं लायसन्स हातात आलं की रत्नागिरीतल्या घरात गाडीचा विषय निघतोच. नवी परवडत नाही आणि शिकाऊ हातात नवी द्यायला जीवही धजत नाही. मग कुणीतरी सांगतं, एका चाकरमान्याची गाडी आहे, गणपती-शिमग्यालाच गावी येते, जेमतेम चाळीस हजार फिरलेली. पोराची नजर त्या आकड्यावर खिळते. आपल्या हवेत मात्र आकडा सर्वांत शेवटी बघावा. मीटर मागे घेता येतो, इंजिनाचं काम करून घेता येतं. पत्रा एकदा आतून खाल्ला गेला की त्याला खरा इलाज नाही.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वर मांडवी-मिरकरवाड्याकडून येणारी खारी हवा. गंज बोनेटवर दिसत नाही. तो दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीत आणि दाराखालच्या पट्टीत धरतो. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. जांभ्याची धूळ आणि पाला बसून ती बुजली की पाणी आतच मुरतं. रंगाला फुगवटा आलेला दिसला तर अंगठ्याने दाबा. करकरला तर आत पोकळ आहे. गाडी रॅम्पवर चढवा, टॉर्च घेऊन स्वतः खाली वाका. खाली नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर हुरळू नका, आत्ताच का मारलं ते विचारा.

दुसरी धास्ती पुराची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं, त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली. बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या जातात. म्हणून सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. सगळा पट्टा सहसा कुणी धूत नाही. गुंडाळीत राहिलेल्या शेवटच्या वीतभरात गाळाची रेघ सापडते. सीटखालचे बोल्ट, स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या काचेआडची वाफही बघा. आत अत्तराचा भपकारा असेल तर काचा लावून गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. भिजलेलं वायरिंग आज चालतं, पुढच्या पावसाळ्यात दगा देतं.

ट्रायल भाट्याच्या सपाट रस्त्यावर घेऊन काय कळणार? साखरप्याच्या पुढे आंबा घाटात न्या. चढावर इंजिन नुसतंच ओरडतंय आणि गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट गेली. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जात असेल तर तिथूनच परत फिरा. सोबत आपला मेकॅनिक हवा, विकणाऱ्याचा नको.

पोरं अलॉय व्हील आणि स्पीकर बघतात, आईबापांनी साल बघावं. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही मॉडेलांना प्रौढांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना 2021 च्या अखेरीपासून. नवशिक्या हाताला, ओल्या घाटात, हे साल गाडीच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचं. स्वस्तात मिळते म्हणून 2012 ची ऐटबाज सेडान घेण्यापेक्षा 2020 ची साधी हॅचबॅक केव्हाही बरी, आणि तिचे पार्ट गावातच मिळतात.

सतरा वर्षांच्या मुलासाठी आधीच घेऊन ठेवत असाल तर किल्ली कपाटात राहू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

राहिले कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35, नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करा. विकणाऱ्यालाही घाई हवी, कारण आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. थोडे पैसे हातचे राखा आणि आरसीवर आपलं नाव लागल्यावरच द्या.