रत्नागिरीची पेठ ते लोकसभा : प्रेमजीभाई आसर यांची निवड

प्रस्तावना :
गणपतीपुळे हे आज तीर्थक्षेत्र व पर्यटनस्थळ म्हणून सर्वपरिचित आहे. हे गाव ज्या रत्नागिरी तालुक्यात वसले आहे, त्याच्या संसदीय इतिहासातील एक प्रकरण मात्र स्वतंत्र विचारास पात्र ठरते. १९५७ च्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत रत्नागिरी मतदारसंघातून प्रेमजीभाई रणछोडदास आसर हे व्यापारी गृहस्थ भारतीय जनसंघातर्फे लोकसभेवर निवडून आले.

पार्श्वभूमी :
१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. त्यास विरोध करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या छत्राखाली कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष व जनसंघ असे भिन्न विचारांचे पक्ष निवडणुकीस सामोरे गेले. कोकणास हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा होता. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीवर येथील असंख्य घरांची चूल पेटत असे. साहजिकच मुंबईचे भवितव्य हा गावागावांतील संसाराचा प्रश्न बनला.

विश्लेषण :
आसर हे गुजराती वळणाचे नाव. संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन लाटेत मराठी मतदारांनी या नावास कौल द्यावा, ही बाब लक्षणीय आहे. लढा भाषिक राज्यासाठी होता. शेजारच्या भाषकांविरुद्ध नव्हता, असा त्याचा अर्थ लावता येतो. उधार-उसनवारीमुळे कोकणातील व्यापाऱ्याचा खेड्यापाड्यांशी नित्य संबंध येई, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

तथापि, केवळ ओळखीपाळखीने हे यश उलगडत नाही. त्या वर्षी जनसंघास देशभरात अवघ्या ४ जागा मिळाल्या. अटलबिहारी वाजपेयी व शिवदीन द्रोहर उत्तर प्रदेशातून, तर उत्तमराव पाटील खानदेशातून आणि आसर रत्नागिरीतून विजयी झाले. म्हणजेच निम्म्या जागा समितीच्या प्रभावक्षेत्रातील होत्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व समितीचे मुख्य प्रयोजन संपले. १९६२ मध्ये जनसंघाच्या जागा १४ वर गेल्या; परंतु महाराष्ट्रातून एकही मिळाली नाही. रत्नागिरीतून काँग्रेसच्या शारदा मुखर्जी निवडून आल्या.

निष्कर्ष :
स्थानिक प्रतिष्ठा व्यक्तीस उमेदवारीपर्यंत नेते. दिल्लीचा दरवाजा मात्र बहुधा व्यापक जनआंदोलनच उघडते. ते ओसरताच तो दरवाजा पुन्हा मिटू शकतो, हे रत्नागिरीच्या या उदाहरणावरून स्पष्ट होते.