हवेच्या सस्पेन्शनची जुनी गाडी : आधी तपास, मग खर्च

कारंजा लाड हे कापसाच्या बाजारपेठेचे जुने गाव. येथील मोटार मिस्त्रींनी वर्षानुवर्षे जीप आणि मालवाहू गाड्यांच्या कमानी दुरुस्त केल्या. पाटा तुटला, बुश झिजला, की दोष डोळ्यांना दिसत असे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि कारंज्याजवळच त्यावर चढण्या-उतरण्याची सोय झाली. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मुंबई-नागपूरच्या मोठ्या गाड्या आता आपल्या गावाजवळून जातात आणि त्यातली एखादी जुनी, महागडी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आपल्या गॅरेजसमोरही येऊन थांबू शकते. मालकाची तक्रार ठरलेली असते : ‘‘गाडी फार आदळते, उस्ताद!’’

अशा गाडीखाली कमानीऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात. लांब पल्ल्याच्या व्होल्वो बसखालीही हीच पद्धत दिसते. रेंज रोव्हर गाडीत ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. पुढे डिस्कव्हरी, ऑडी क्यू-७, मर्सिडीज जीएल अशा गाड्यांतही आली. गाडीचे वजन फुग्यातील हवा पेलते. कॉम्प्रेसर हवा भरतो, व्हॉल्व्ह ती वाटतो आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची सेन्सर कळवतो. पण उसळी थांबवण्याचे काम हवेचे नाही. ते तेल भरलेल्या शॉकॲब्सॉर्बरचे आहे. हा फरक ध्यानात ठेवला तर अर्धे निदान तेथेच होते.

आमचे सांगणे एवढेच, की गाडी आदळते म्हणून लगेच फुगे बदलू नयेत. स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करावी.

पहिली तपासणी टायरची. चालकाच्या दाराजवळील पट्टीवर कंपनीने सांगितलेला हवेचा दाब लिहिलेला असतो. गाडी थंड असताना त्याप्रमाणे हवा मोजावी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून तेथेच हवा सोडू नये. टायर थंड झाल्यावर ती कमी भरते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला कमी हवेचा टायर तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून आरामासाठी हवा कमी करण्याचा सल्ला गिऱ्हाइकाला कधीही देऊ नये. मात्र शोभेसाठी मोठी रिम आणि पातळ टायर बसवला असेल, किंवा मालगाडीचा जाड थरांचा टायर असेल, तर धक्का तेथूनच येतो. मूळ मापाचा टायर बसवला की बराच फरक पडतो.

दुसरी तपासणी बुश आणि जोडांची. जुन्या गाडीत हातांचे रबरी बुश तडकलेले असतात. पहारीने हलवून पाहिले की ढिलेपणा कळतो. खडखडाट बहुधा येथूनच येतो.

तिसरी शॉकॲब्सॉर्बरची. तेल गळत असेल, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलत असेल, तर तो संपला समजावा. अनेक मॉडेलांत पुढचा फुगा आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच नळकांड्यात असतात. तेव्हा किंमत गिऱ्हाइकाला आधी सांगावी.

यानंतर हवेची पाळी. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे व सकाळी गाडी चालू न करता पुन्हा मोजावे. एक कोपरा खाली बसला असेल तर तेथे गळती शोधावी. साबणाचे पाणी फुग्याच्या घडीवर, पाइपच्या जोडावर आणि व्हॉल्व्हवर लावले की बुडबुडे दिसतात. उन्हाने आणि धुळीने रबर घडीवरच आधी तडकते. बसलेली गाडी रबरी अडथळ्यावर आपटत चालते, म्हणून धक्के बसतात.

येथे एक नेहमीची चूक होते. गळतीमुळे कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि जळतो. मिस्त्री नवा कॉम्प्रेसर बसवतो, गळती तशीच राहते आणि नवाही जळतो. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि चार लोकांना सांगतो ते वेगळेच. आधी गळती, मग हवा सुकवणाऱ्या ड्रायरची तपासणी आणि शेवटी कॉम्प्रेसर, हाच क्रम ठेवावा.

काही मालक फुगे काढून साध्या स्प्रिंगा बसवा म्हणतात. खर्च वाचतो हे खरे, पण ओझ्याप्रमाणे गाडी सपाट ठेवण्याची सोय जाते आणि वजनाला न जुळणारी स्प्रिंग पूर्वीपेक्षा जास्त आदळते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या रचनेतील बदलांवर बंधने आहेत. हे मालकाला आधी सांगावे, काम झाल्यावर नव्हे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिवाची. फुग्यावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. हवा सुटली तर गाडी क्षणात खाली येते. कंपनीच्या पद्धतीने सस्पेन्शन बंद करावे, गाडी जॅकने उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी आणि दाब सोडल्याखेरीज हवेचा पाइप उघडू नये. हाताखाली शिकणाऱ्या मुलांना पान्याच्या आधी हा नियम शिकवावा.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कमानीचे काम जाणणारा मिस्त्री गावात नाव कमवून होता. त्याच दुकानात आता टायरचे चांगले गेज, साबणाचे पाणी, भक्कम स्टँड आणि मोजमापाची वही असावी. पुढे धंदा जमला की दोष वाचणारे स्कॅनर घ्यावे. काढलेला भाग गिऱ्हाइकाला दाखवावा, खर्च कागदावर लिहून द्यावा. महामार्गावरचे गिऱ्हाईक एकदाच येते असे समजून काम करू नये. नागपूरचा माणूस कारंज्याच्या मिस्त्रीचा पत्ता दुसऱ्याला देतो, तो त्या कागदामुळे.